चुंबक न चिकटलेलं झाकण

नगरची हवा कोरडी. नागापूरला माझं लेथचं शेड आहे, त्याच्या बाहेर स्टेनलेस स्टीलचे तुकडे पावसाळेच्या पावसाळे पडून असतात. स्टीलला गंज चढतो, हे आम्हां लोकांना ऐकूनच माहीत.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कोकणात असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिडाची होडी बांधायला घेतली. वारा पडला तर हाताशी असावं म्हणून पेट्रोलचं लहान इंजिन, त्याची टाकी फळ्यांखाली. वरून पेट्रोल ओतायचं तोंड आणि झाकण त्यांना माझ्याकडून हवं होतं. आमची ही म्हणाली, नळाला पाणी येईना आणि तुम्ही होडीचे भाग करताय. दाजी त्यावर फोनवर पोट धरून हसले. पण बजावून सांगितलं, प्लास्टिक नको, पितळ नको, तीनशे सोळा नंबरचंच स्टील घे, खाऱ्या पाण्यात तेच टिकतं.

माझ्याकडे डेअरीच्या कामातला तीनशे चार नंबरच्या स्टीलचा गज उरला होता. तोच वापरला. दुधाला चालतं ते पेट्रोलला का चालू नये, अशी समजूत घातली.

न्यायला आले तेव्हा दाजींनी खिशातून चुंबक काढून लावला. चिकटला नाही. अस्सल आहे म्हणाले, पाठ थोपटली. चुंबक दोन्ही स्टीलला चिकटत नाही. मला ठाऊक होतं. मी चहा सांगितला.

परवा ताईने व्हिडिओ कॉलवर होडी दाखवली. झाकणाभोवती चहा सांडावा तसे तांबूस ओघळ. "तुझ्या झाकणाला घाम आलाय बघ," ती म्हणाली. आत जरा पेट्रोलचा वास येतो, पण दाजींच्या मते तिचं नाकच तिखट. रविवारी होडी बाहेर काढणार, आतच शेगडीवर स्वयंपाक करणार, तूही ये.

तेव्हाही मी हो-हो केलं.

गंजलेलं झाकण घट्ट बसत नाही. पेट्रोलची वाफ जड. ती उडून जात नाही, होडीच्या पोटात साचून राहते. मग एक काडी पुरे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमधल्या वेल्डिंगची ठिणगी उडाली की मी लेथ थांबवून तिकडे बघत राही. शेवटी फोन लावला.

"दाजी, होडीत काडी पेटवू नका. इंजिनही नको. ते तीनशे सोळा नाही."



"मी चुंबक लावला होता की रे."

"तो दोन्हीला चिकटत नाही. मला माहीत होतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुझ्या ताईला तूच सांग," एवढंच म्हणाले आणि फोन तिच्याकडे दिला.

"येतोयस ना रविवारी?" ताई हसत म्हणाली. "तुझ्यासाठी काय करू?"

मी सांगायला लागलो. तिचं हसणं कुठल्या शब्दाला थांबलं, ते मला नीट ऐकू आलं.