मडगार्डच्या आतली कणीक

दादा गेला तेव्हा मी पांढुर्ण्याला बँकेच्या काउंटरवर होते. वहिनीचा फोन आला. "सुनंदे, लवकर ये," एवढंच ती म्हणाली. सौंसरला पोचले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं, आणि दादाची चार दोस्तमंडळी टायरांच्या चवडीवर खाली मान घालून बसली होती. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईस्तोवर सगळं संपलं. त्याला आता महिना होऊन गेला. रडून झालं आहे, पण एक गोष्ट मनात अडकून बसली आहे, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

रामदासदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बाबा लोकांच्या वावरात कामाला जायचे. दादाने शाळा सोडली, पंक्चर काढायला शिकला, आणि त्याच हातांनी मला कॉलेजात पाठवलं. पुढे त्याने टायरचं स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकाने कंपनीचं नाव घेतलं की तो आधी विचारायचा, "रोज कोन्त्या रस्त्यानं जातं?" मोठं किंवा रुंद चाक बसवायचं असेल, तर वहिनीकडून कणकेचा गोळा मागवायचा. त्यात हळद-मीठ घालायला लावायचा, म्हणजे मुंग्या लागत नाहीत. तो गोळा मडगार्डच्या आत अंगठ्याने दाबायचा, चाक लावून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवायचा आणि गाडी रस्त्यातल्या स्पीड ब्रेकरवरून काढायचा. कणकेवर ओरखडा दिसला की ते चाक परत. लोक हसायचे. तो म्हणायचा, "माणूस खोटं बोलते, कनीक नाही बोलत."

मागल्या वर्षी मी नागपूरहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. लहानपणापासूनची हौस, दुसरं काय! बोरगावच्या आमच्या मावशीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "अवं, यात तं संत्र्याची एक पेटी बी मावत नाही." दादा मात्र लहान मुलासारखा खूश झाला होता. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला, "आपल्या घरात अशी गाडी... बाबा असते तं पाह्यत राह्यले असते."

बिनसलं ते चाकांवरून. मला काळीभोर, मोठी, रुंद अलॉय चाकं हवी होती. फोटो पाहूनच मी ती परस्पर मागवली आणि दादाला न विचारता यंदा एका रविवारी दुकानात नेऊन ठेवली. त्याने नुसती नजर टाकली आणि मान हलवली. "चाक मोठं घेतलं का रबर पातळ घ्या लागते सुनंदे, बाहेरचा घेर तोच राह्यला पाह्यजे. जामसांवलीच्या फाट्यावर एका खड्ड्यात हे रिम चिरते. अन् हे बाहेर किती निघून राह्यलं पाह्य, वळताना घासन." मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. दुकानात दोन-तीन ओळखीचे लोक बसले होते, त्यांच्यासमोर म्हणाले, "तू ट्रॅक्टरचे टायर बदलव दादा, तुले काय समजते या गाडीतलं?"

तो आत गेला, कणीक घेऊन आला. जॅक लावला, माझं ते देखणं चाक चढवलं, स्टेअरिंग वळवलं, गाडी ब्रेकरवरून नेऊन आणली. मग मला खाली वाकायला लावलं. कणीक अर्धी खरवडून निघाली होती. त्याने जुनं चाक परत बसवलं आणि त्याच जागी ताजा गोळा दाबला. "हा राहू दे. मी सांगतो ते चाक लाव, अन् मंग पाह्य. नाही घासलं तं मी खरा." माझी चूक मला दिसत होती. पण माफी मागायला जीभ उचलली नाही. पुढच्या रविवारी बोलू, असं मनाशी म्हणत मी गाडी काढली... शुक्रवारी वहिनीचा फोन आला.

तेराव्या दिवसानंतर वहिनीने दुकान उघडलं तेव्हा मी सोबत होते. कोपऱ्यात चार चाकं उभी होती. माझ्या चाकांहून लहान, साधी, रुपेरी, जाड रबराची. एका टायरवर खडूने 'सुनंदाची गाडी' असं दादाचं तिरपं अक्षर. वहिनी म्हणाली, "तू गेली का लगेच त्याहीनं फोन करून मागवले. म्हने, पोरीची हौस हाये, रविवारी लावून देतो." मी त्या टायरांपाशी खाली बसले आणि लाज सोडून रडले. ज्याला मी चारचौघांत अडाणी ठरवलं, तो माझी पाठ वळताच माझ्यासाठी चाकं मागवत होता.

शेजारच्या मिस्त्रीने ती बसवून दिली. आता मी रोज बँक सुटली की पांढुर्ण्याहून याच गाडीने सौंसरकडे निघते. फाट्यावरचे खड्डे, ब्रेकर, बोरगावचं वळण, कुठेही आवाज नाही. घरी आले की मी आधी गाडीपाशी वाकते आणि मडगार्डच्या आत हात घालते. कणीक वाळून दगड झाली आहे, तिच्यात दादाच्या अंगठ्याचा खळगा आहे. माझा अंगठा त्यात सैल बसतो. ओरखडा कुठेही नाही.

तू खरा, दादा. चारचौघांत म्हणायचं होतं, म्हणून इथे लिहिलं.