नवसाची होडी

तारापूरच्या मांगेलआळीत, मासेमारांच्या वस्तीत, जानूनं होडीचे पैसे कधी मागितले नव्हते आणि त्याला कोणी कधी विचारलंही नव्हतं. ऐन तिशीत गलबताच्या नांगराच्या दोरात अडकून त्याची दोन बोटं गेली आणि समुद्र सुटला. मग उरलेल्या आठ बोटांनी तो होड्या करू लागला. वीतभर लांबीच्या, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या. त्या खेळण्यातल्या नव्हत्या, नवसाच्या होत्या. वादळात सापडलेला माणूस जिवंत घरी आला की त्याच्या बायकोनं नारळ घेऊन जानूच्या ओट्यावर यायचं आणि म्हणायचं, "काका, आमचा मानूस आला." तेवढं ऐकलं की जानू लाकूड काढी. होडी गावदेवीपुढे टांगली जाई आणि नारळ जानूला मिळे, एवढीच त्याची मजुरी. माणूस परतल्याशिवाय लाकडाला पटाशी लावायची नाही, हा आज्यानं घालून दिलेला दंडक होता. परतलेल्या माणसाचं नाव नसलेली होडी समुद्र आपल्या नावावर करून घेतो आणि तिच्यासाठी माणूस ओढतो, असं म्हातारे म्हणत.

पोट भरायची ती गोदूबाई, त्याची बायको, बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकून. म्हणजे आळीत मान जानूचा आणि घरात भाकरी गोदूबाईची. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि जानूला तेच जास्त लागे.

मग अणुवीज केंद्राचं काम निघालं. गोरे साहेब बायकापोरांसकट राहायला आले आणि जानूचा मुलगा महादू त्यांच्या क्लबात वेटर म्हणून लागला. हंगामी. एका रविवारी तो एका मड्डमेला मासे खायला घरी घेऊन आला. परमुलखात आलं की तिथलं खायचं, प्यायचं आणि जाताना काहीतरी उचलून न्यायचं, हा या लोकांचा नादच. गोदूबाईनं सरंगे तळले, शहाळं फोडलं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना मड्डमेनं बोटं चाटून खाल्लं. मग तिची नजर ओट्यावर गेली. तिथे आळीतल्या एका खलाशाची होडी पुरी होत आली होती. मड्डमेनं ती उचलून छातीशी धरली आणि पाकीट उघडलं.

"तिला सांग, ही इकायची नाय," जानू म्हणाला. "ही परतलेल्या मानसाची हाय."

महादूनं तिला काय सांगितलं ते देव जाणे. ती हसली, होडी खाली ठेवली आणि चार बोटं वर केली.

"अशा चार पायजेत तिला, नाताळात मायदेशी धाडायला," महादू म्हणाला. "बाबा, क्लबाचा कारभार तिच्याच हातात हाय. तिनं म्हटलं तर मी कायम होईन. लाकूडच हाय ना शेवटी?"

जानूच्या तोंडून 'नाय' निघेना. पोराच्या नोकरीची गोष्ट होती. चुलीपाशी बसलेली गोदूबाई म्हणाली, "म्हातारी मेल्याचं दुख नाय, काळ सोकावतो." तिचं कोणी ऐकलं नाही.

चार झाल्या, मग बारा झाल्या. इथवर जानूची कीव करावी. पुढचं मात्र त्याचं त्यानं केलं. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. नवसाच्या होडीला कधी रंग नसे. या होड्यांना लाल-पिवळा रंग चढला. मड्डमांच्या पोरांची नावं महादू कागदावर आणी आणि जानू ती न वाचता कोरी. लहान पाच रुपयांना, मोठी दहाला. ओट्यावर गोरं माणूस दिसलं की महादूची वाट न बघता तो हातांनीच मापं दाखवी आणि विचारी, "मोठी का ल्हान?" जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातून घरात पैसा येत होता. त्यानं गोदूबाईला लुगडं आणलं. तिनं त्याची घडी मोडली नाही.

नाताळाच्या दिवशी सहा होड्या घेऊन जानू स्वतः क्लबात गेला. मुलखात दारूबंदी होती. ताडीच्या घोटासाठी पोलीस आळीतल्या माणसाला फरफटत नेत. इथे परमिटवर बाटल्या फुटत होत्या. टेबलावर जानूला आपल्या होड्या दिसल्या. एकीत खारे शेंगदाणे होते. दुसरीत सिगारेटची राख. एका साहेबानं जळतं थोटूक होडीच्या मागच्या टोकाला, तांडेल सुकाणू धरून बसतो नेमकं तिथे, चिरडून विझवलं आणि जानूकडे बघून प्रेमानं ग्लास उंचावला. महादू पुढे झाला आणि त्यानं फडक्यानं होडी पुसून परत साहेबापुढे ठेवली. आळीतली गोजराबाई तिथे भांडी घासत होती. तिनंही पाहिलं.

तरी जानूनं सहाही होड्या दिल्या, पैसे मोजून घेतले आणि घरी आला. पैसे घेतले, हेच त्याला पुढे सलत राहिलं. त्यानंतर मड्डमा आल्या तरी तो हात दुखतो म्हणून सांगे. पण गोजराबाईच्या तोंडून गोष्ट घरोघर गेली होती.

माघात वारा फिरला. शेजारचा हिरू तीन खलाशांसह होडीसकट बेपत्ता झाला. जानूच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण गोदूबाईच्या टोपलीशेजारी बाजारात कोणी बसेना. पाच दिवस जानू किनाऱ्यावर बसून देवीला विनवत होता, की मी विकलेल्या होड्यांपायी हिरूला ओढू नको. सहाव्या दिवशी सांगावा आला. उंबरगावच्या किनाऱ्याला लागले, सगळे जिवंत. जानू लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं अंघोळ केली, पटाशीला धार लावली, जपून ठेवलेलं पांगाऱ्याचं लाकूड ओट्यावर काढलं आणि वाट बघत बसला. हिरूची बायको ठमी येईल, ते चार शब्द म्हणेल, आणि झालेलं सगळं धुऊन निघेल, एवढी एकच आशा त्याला उरली होती.

ठमी दुपारी आली. रडून डोळे सुजलेले, पण चेहरा फुललेला. हातात नारळ नव्हता. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. बोंबलाचा भाव कानावर येतो तसा होडीचाही आला होता. तिनं पदराची गाठ सोडली.

"काका, होडीचं काय घेशील?"

पोरी, असं नाय इचारायचं, तू नुसतं सांग मानूस आला म्हणून, असं जानूला ओरडून सांगायचं होतं. आत गोदूबाई बोंबील निवडायची थांबली. पण जिभेला वळण भलतंच लागलं होतं.

"मोठी का ल्हान?" जानूनं विचारलं.

"ल्हानच दे," ठमी म्हणाली, "मोठी आमाला परवडायची नाय."