काळूरामच्या पिकपचे मोठे टायर

पनवेलच्या बाजारात काळूरामला त्याच्या पिकपवरून ओळखत. लढाई संपल्यावर गोऱ्या सोजिरांच्या गाड्या भंगारात निघाल्या, त्यातली ती एक. त्याच्या गावाला, बेलपाड्याला, तोवर बैलगाडीखेरीज दुसरं चाक ठाऊक नव्हतं. मीठ, सुकट, पेंढा, लग्नाची नवरी, जे मिळेल ते पाठीमागे घालून काळूराम पनवेल गाठायचा. संध्याकाळी घरी आला की आधी पिकपला पाणी पाजायचा, मग स्वतः प्यायचा. त्याची बायको सत्यवती म्हणायची, "माझी सवत हाय ती. पण गुणाची. उलटून बोलत नाय."

त्या सवतीची खोड एकच. चिखल दिसला की ती बसायची. पावसाळ्यात खाडीकाठच्या रस्त्यावर अशी रुतायची की बैल लावून ओढावी लागे, आणि बैलवाले दात काढत. काळूरामला बाकी सगळं सोसे, तेवढं सोसेना. कुठून तरी त्यानं मोठ्या लॉरीचे टायर पैदा केले आणि पनवेलला जमाल मिस्त्रीकडे नेले.

जमालनं चाकं खोलली. चाकं तीच जुनी, टायर तेवढे रुंद नि उंच. आत-बाहेर, आत-बाहेर करत, पहारी घालत, घाम गाळत त्यानं ते चढवले. मग गाडीखाली वाकून त्यानं मडगार्डखाली बोट घालून बघितलं.

"काळूभाई, टायर चाकावर बसला, ते माझं काम झालं. गाडीत बसतो की नाही, ते माल भरून बघावं लागेल. मागच्या मडगार्डखाली ही बोटभर जागा आहे ना? ओझं पडलं की बॉडी खाली येते. मग ती उरेल का, अल्ला जाने."

"नारळ फुटल्याबिगर वझं नाय घालायचा, जमालभाय. नवा टायर हाय."

"मग फोड."

"कसा फोडू? भावकीत सुतक हाय. शिवानानाचा भाऊ गेला."

जमालनं फडक्याला हात पुसले. "तुझा देव तुझ्यापाशी. पण वजनाला सुतक कळत नाही, एवढं ध्यानात ठेव."

काळूराम रिकामी गाडी घेऊन गावात आला. पोरींनी तोंडावर पदर धरले. "अगो बाय, काळूदादाची पिकप चवड्यावर उभी हाय." काळूरामनं मनावर घेतलं नाही. चिखलातून तो दोनदा मुद्दाम गेला नि आला. पिकप बसली नाही. त्याची छाती तेवढी फुगली.

सुतक फिटायच्या आतच अवसेचं उधाण आलं. भात पोटरीला आलेलं, वरून पाऊस. रात्रीच्या भरतीनं खाडी अडवणाऱ्या बाहेरच्या बांधाला खांड पाडली. गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं, त्या भगदाडातून एक भरती आत गेली ती गेली. दुसरी गेली की खारं पाणी सगळ्या शेतात पसरणार, आणि मग कितीतरी वर्षं तिथं गवतही धड उगवणार नाही. काळूरामचं शेत तर खांडीच्या तोंडाशीच होतं. दुपारची भरती चढायच्या आत खांड बुजवायला हवी होती.

अशा वेळी घरटी माणूस बाहेर पडतो, कुणी बोलवावं लागत नाही. पुरुष मेखा ठोकायला गेले, बायका पेंढ्याचे भारे घेऊन धावल्या. पण पाण्याच्या ओढीला पेंढा पुरेना, गोणी हव्या होत्या मुरमाच्या. मुरूम डोंगराच्या पायथ्याशी. डोक्यावर वाहून दुपार काय, दुसरा दिवस उजाडला असता.

सगळ्यांनी पिकपकडे बघितलं. काळूरामचा हात पहिल्या गोणीवर जाऊन थांबला.

शिवानाना कमरेइतक्या चिखलातून वर आला. त्याच्याच घरचं सुतक. "बघतंस काय? सुतक माज्या घरचा हाय, मी सांगताव. भर."

गोणी भरल्या. पिकप हळूच खाली बसली. काळूरामनं वाकून बघितलं. बोटभर जागेत आता करंगळीचं नखही जात नव्हतं.

बांधावरच्या सरळ रस्त्यावर ती चालली. जिथं बैल लावावे लागत, तिथून ती डुलत निघाली. पण पुढं बांधातली उघडी होती, म्हणजे पाणी सोडायची दारं, आणि तिथं बांध शेताच्या अंगाला वळायचा. काळूरामनं स्टिअरिंग फिरवलं तशी गाडी खाडीच्या बाजूला कलली, आणि मागून करकर आवाज आला. मग जळलेल्या रबराचा वास. त्यानं ब्रेक दाबला. उतरून बघतो तर उजव्या मडगार्डच्या पत्र्यानं टायरचा लचका तोडलेला. आणखी चार हात गेला असता तर टायर फुटून गाडी खाडीत, आणि खांडीकडे जायची वाट बंद.

मागं घेतली तरी तोच पत्रा, तोच टायर. खालून पाणी चढत होतं. उघडीच्या दगडावरचं शेवाळ बुडायला लागलं होतं. काळूरामला जमालचे शब्द आठवले.

"वझं काढा सगळा," कुणी ओरडलं.

"सगळा काढाल नि परत भराल, तवर पानी शेतात," सत्यवती म्हणाली. ती करंजा बंदरची, होडीवाल्याची लेक. कललेल्या गाडीकडे बघत तिनं पदर खोचला. "व्हडी कलली तं मानसा कुठं बसतात? खाडीकडच्या गोनी उतरवा, आमी नेताव डोक्यावं. आनि तुमी बापये शेताच्या अंगाला लोंबकळा."

काळूरामला पटलं की नाही, विचारायला वेळ नव्हता. गोणी उतरल्या, पुरुष डाव्या फळीला वटवाघळांसारखे लटकले. गाडी कुरकुरत सरळ झाली. काळूराम बाहेर डोकं काढून मागं बघत होता, आणि सत्यवती चिखलात गुडघ्यावर बसून टायर नि पत्र्याच्या मधे नजर लावून होती.

"येऊ द्या... येऊ द्या... थांबा. डाव्या अंगाला आजून एक चढा. येऊ द्या."

पत्रा टायरला नुसता पुसून गेला. पिकप वळली.

तसंच प्रत्येक फेरीला. पाणी खांडीच्या तोंडाशी आलं तेव्हा शेवटची गोण पडत होती. भरती बांधाला टेकली, थोडी झिरपली, आणि तिथंच अडली. शिवानाना चिखलातच बसला आणि त्यानं बिडी मागितली.

पुढच्या आठवड्यात जमालनं तो टायर बघितला. "नारळ फुटला?"

"नाय."

"मग माल कसा भरला?"

काळूराम खाली बघत हसला. जमालनं मडगार्डचा पत्रा कापला, स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला, आणि या वेळी गोणी भरूनच गाडी बाहेर सोडली.

सुतक फिटलं तेव्हा पूजा झाली. काळूरामनं हळदकुंकू बॉनेटला लावलं नाही. सत्यवतीला पुढं केलं, आणि पत्र्यानं टायरचा लचका तोडला होता तिथं तिच्या हातानं लावायला सांगितलं.

"सवतीला मीच लावू?" ती म्हणाली. पण लावलं.