डाव्या बाजूचं पायदान

लातूरच्या गॅरेजवाल्यानं गाडीवरची चादर ओढली आन् मला ओकारी यायची बाकी राहिली. जवळपास चाळीस वर्षं मी चालवलेली फटफटी त्यानं तमाशातल्या बाईसारखी नटवून ठेवली होती. टाकीत तोंड दिसावं असा रंग, सायलेन्सरला चकाकी. जुन्या गाड्या अशा नटवायच्या आन् हाटेलाच्या दारात उभ्या करायच्या, हा नवा धंदा निघालाय. पोरं येतेत, टेकून फोटो काढतेत. गाडी चालायची गरजच न्हाई.

मी डाव्या बाजूला गेलो. साडीगार्ड नव्हतं. त्याच्या खाली बाईमाणसाला पाय ठेवायला पायदान असतंय, ते बी नव्हतं.

"पायदान कुठं हाय रे?"

"ते होय काका? काढून टाकलं. लुक जात होता. तुमीच म्हणालते की, फालतू असंल ते काढून टाक."

म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू. बायको जाऊन सातच महिने झाले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. तिच्या आजारपणात गाडी बंद पडली ती पडलीच. मी उदगीरात जल्मभर गाड्या खोलल्या, पण आता हात थरथरतेत. पिस्टनची रिंग मिळंना, कार्बोरेटरची सुई मिळंना. दुकानात नाव काढलं की पोरगं मोबाईलमधून मान बी वर करत न्हाई, म्हणतंय "बंद झालं ते." म्हणून इथं आणून टाकली. फालतू म्हणजे मागचं कॅरिअर, लोंबत्या वायरी. पायदान फालतू असतंय का?

आमच्या काळी मेकॅनिकची एक रीत होती. काढलेला पार्ट, तुटका असू दे की झिजलेला, पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्यानं घरी जाऊन फेकला तर फेकू दे. ह्या भाड्यानं परस्पर भंगारात घातलं आन् वर मलाच सांगायला लागला, "टेन्शन घेऊ नका काका."

ते पायदान मला का पायजे होतं, हे त्याला सांगितलं असतं तर हसला असता. माझी बायको कधी मला नावानं हाक मारायची न्हाई, आन् गाडीच्या आवाजात "अहो" ऐकू येत न्हाई. मग ती टाचेनं पायदानावर ठोकायची. एकदा ठोकलं की हळू. दोनदा ठोकलं की थांबा. भूकंप झाला तवा तिला घेऊन किल्लारीकडं तिच्या माहेरी निघालो होतो. त्या दिवशी मी सुसाट मारली तरी तिनं एकदा बी ठोकलं न्हाई. तिची माणसं जित्ती दिसल्यावर मगच दोनदा ठोकलं. गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारली तिनं.

भंगार नांदेडला जातंय असं कळलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. भंगारवाला म्हातारा माझ्याच वयाचा, तोंडात पान. त्यानं बोट दाखवलं तिथं नुसत्या पायदानांचाच ढीग होता. लग्नाच्या मांडवाबाहेर चपला पडतेत, तसा. नटव्या गाड्यांना बाईमाणसाची जागा नको. शिसारी आली बघा.

"कोणतं बी घ्या चाचा, सगळे सारखेच."

मी उकिडवा बसलो. एकेक उचलायचं, फरशीवर टेकवायचं, चपलेच्या टाचेनं ठोकायचं आन् ऐकायचं.

"काय चाचा, तबला घ्यायला आलाव का?" म्हाताऱ्यानं पिंक टाकली. त्याची माणसं खिदळली.

"तबलाच म्हण."

तीसेक ठोकली असतील. सगळ्यांचा आवाज एकच, टीनपाट. गाडीच्या हाडाला बसलेला लोखंडाचा तुकडा जसा बोलतोय, तसा सुटा बोलत न्हाई. एवढं मला, मेकॅनिकला, आधी कळायला पायजे होतं. मग नजरेनं वळखू म्हणलं. तर आमच्या पायदानावरचं रबर कुठं झिजलं होतं, टाचंकडं का बोटाकडं, तेच आठवंना. लोकांच्या गाडीचा बोल्ट न् बोल्ट मी डोळे झाकून सांगितला असता. माझ्याच बायकोचा पाय कुठं टेकत होता ते एवढ्या वर्षांत वाकून बघितलं न्हाई. तवा मला गॅरेजवाल्यापेक्षा माझीच जास्त किळस आली.

म्हातारा आता हसत नव्हता. "घरवाली?" म्हणाला.

मी मान हलवली.

"एक घेऊन जा चाचा. पैसे नको."

न्हाई घेतलं. दुसऱ्याच्या बायकोचं पायदान माझ्या गाडीला लावून कुणाचा पाय ठेवू त्याच्यावर?

लातूरला परत आलो. गॅरेजवाल्याला वाटलं मी भांडाय आलो. घाईघाईनं म्हणाला, "काका, पायदान काढलं तिथं दोन भोकं राहिली हायती. पुट्टी भरून रंग मारून देतो, कळणार बी न्हाई."

"हात लावू नको."

"पाणी जाईल. गंज लागंल आतून."

"लागू दे."

गाडी रस्त्यावर घेतली आन् किक मारली. पहिल्याच किकला चालू झाली रांड. बायको खाली उतरून उन्हात पदर धरून उभी राहायची, आन् मी वीस-वीस किका मारायचो, तवा काय झालं होतं हिला?