बुटांसकट समुद्र

ग्रीसच्या किनाऱ्यावर आमच्या टूरवाल्याने एका दिवसात इतके समुद्र दाखवले, की शेवटी शेवटी एकच पाणी आमच्या बसमागून धावत येतंय असं मला वाटायला लागलं. बायकोची मागणी साधी होती, पाय बुडवायचे. पण प्रत्येक किनाऱ्यावर ती बुटांच्या नाड्या सोडेपर्यंत टूरवाल्याची शिट्टी वाजायची. "काकू, फोटो झाला ना? चला!" ती शिट्टी पार तुर्कस्तानात ऐकू जात असणार.

शेवटच्या किनाऱ्यावर ग्रीक आज्या टोप्या घालून गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. त्यांच्या लग्नाआधीपासून तोच विषय चालू असावा. यांच्यावर शिट्टी फुंकायची कोणाची छाती आहे? आम्ही मात्र जन्मभर समुद्र बघून आल्याचं सांगत फिरणार, कोरड्या पायांनी.

शिट्टी वाजलीच.

"अहो, एवढी पर्स धरा," म्हणत ही बुटांसकट पाण्यात शिरली. आज्यांनी सरकून तिला जागा करून दिली आणि ही चक्क मराठीत सुरू झाली.

टूरवाला फुंकून फुंकून लालबुंद झाला. मी म्हटलं, "दमानं घ्या हो, आत्ता कुठे विषय निघालाय."