बावन्नचे पंचवीस

डिचोलीच्या काजू कारखान्यात माणसं निवडायचं काम माझ्याकडे होतं. घरबसल्या मानसशास्त्राची पदविका केली आणि मी ते फारच मन लावून करू लागलो. जे सुपरवायझर बाईंना काम करणाऱ्या हाताकडे एकदा बघून कळायचं, त्यासाठी मी चाळीस मिनिटांची चाचणी काढली: कागदावर काजूगरांची चित्रं, अख्ख्या गराला गोल, फुटून झालेल्या पाकळीला फुली, साठपैकी गुण.

चाचणी चांगली की वाईट, हे चाचणीला विचारून कळत नाही, एवढं पुस्तकात वाचलं होतं. तिचे गुण बाहेरच्या, स्वतंत्र निकषावर घासून बघावे लागतात. आमच्याकडे निकष म्हणजे प्रत्यक्ष काम. म्हणून तीन महिन्यांनी मी बाईंना सांगितलं, चाचणीतून घेतलेल्या अठराही जणींना कामावरून क्रम द्या.

क्रम माझ्या गुणांशी असा जुळला की कुणीही दचकावं. मी सोडून. मी छाती फुगवून तक्ता मालकांपुढे ठेवला.

"दोन्हीकडे शेवटची एकच," मालक म्हणाले. "शनिवारी तिला मोकळी करा."

ती बेळगावकडची. नवरा बांधकामावर, खोली कारखान्यामागेच.

गुरुवारी तिचं पत्र टाइप करण्याआधी मी तिची मूळ उत्तरपत्रिका काढली. वर लाल शाईत, माझ्याच अक्षरात, ५२. कामावर घेतल्यानंतर केलेल्या गुणांच्या यादीत मात्र २५. मनात 'बावन्न' म्हणत मी आधी दोन लिहिला असणार आणि मग पाच. मराठी आकडे उलटे बोलतात हे पहिलीत शिकवतात. मी त्या दिवशी गैरहजर असेन.

पण अडकलो तो पुढच्या विचारात. चूक माझ्या कागदावरची. मग काम बघणाऱ्या बाईंनीही तिला शेवटीच कसं टाकलं?

बाई पेडण्याच्या, गेली कित्येक वर्षं याच टेबलावर.

"बाई, क्रम कसा लावलात?"

"कसो म्हणजे? तुमी यादी दिली न्हय, सर? ती बघून."

"अहो, ती नुसती माहितीसाठी होती!"

"मग दिली कित्याक? शिकलेल्या माणसाच्या कागदाक मी खोटो म्हणू?"

म्हणजे माझ्या चाचणीने आरशात बघून स्वतःलाच शाबासकी दिली होती.

"आणि हिचा हात?"

"हात बरो आसा. पण माका वाटलां, सरांक आतलां काय तरी दिसलां आसतलां."

शुक्रवारी अठरा जणींनी सोललेल्या गरांचे ट्रे मागवले, नावाच्या चिठ्ठ्या खाली चिकटवल्या, ट्रे आलटूनपालटून मांडले आणि बाईंना म्हटलं, आता लावा क्रम. त्या एकेक ट्रे चाळत होत्या, आणि मी मनात प्रार्थना करत होतो. कशाची, ते सांगायला लाज वाटते. ५२ खरे ठरले तर चाचणी वाचेल, हे आधी आलं. ती बेळगावकडची नंतर.

मग चिठ्ठ्या उचलल्या. ती सहावी आली. माझ्या चाचणीतली पहिली आली सतरावी.

शनिवारी सकाळी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता पुन्हा पुढ्यात ओढला. मला वाटलं, आता पत्र माझ्याच नावाचं टाइप होणार.

"तिला राहू दे," ते म्हणाले. "पण ज्यांना तुम्ही कमी गुण म्हणून दारातूनच परत पाठवलंत, त्यांचे ट्रे कोण बघणार?"



खाली येऊन मी तिच्या टेबलापाशी उभा राहिलो. सालं काढण्याची तिची सुरी थांबली नाही.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "तुम्ही राहताय."

तिने मान वर केली.

"म्हंजे? मी कुठं जाणार हुते, सायेब?"