एका संध्याकाळी धूर केला नाही

मित्रहो, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

अचलपूरजवळच्या आमच्या गावात मेंदूज्वराचा रुग्ण निघाला. इथल्या डासांत त्याचा विषाणू आहे का, हे तपासायला आरोग्य खात्याचं पथक आलं. काल संध्याकाळी त्यांनी आमच्या गोठ्यात दिव्याचा सापळा टांगला. "काका, आज कडुनिंबाचा धूर नका करू, डास पळतील," पथकातली मुलगी म्हणाली. मी हो म्हटलं.

लेक बाळंतपणाला आलेली. बायको भडकली, "मच्छराईले पंगतीले बोलावून राहिले का तुमी?"

आज सकाळी सापळ्याची जाळी डासांनी काळी झाली होती. पथकातली मुलगी खूश झाली. तेवढ्यात लेक बाहेर आली. झोपेत तिचा हात मच्छरदाणीबाहेर राहिला होता. त्यावर लाल गांधी उठल्या होत्या.

पथक डास बर्फाच्या डब्यात घेऊन गेलं. अहवालाला वेळ लागेल म्हणाले.

आज धूर केला, देवापुढे दिवा लावला. सापळा भरू दे, असं काल मीच मागितलं होतं. आज म्हणतोय, त्यात काही निघू नये.

माझ्या जागी तुम्ही असता, तर धूर थांबवला असता का?